विसार

पत्र आलं तेव्हा रिचफील्डच्या त्या घरात
अकरा वैमानिक, एक फ्रिज,
आणि दुधाच्या प्रत्येक डब्यावर कुणाचं तरी नाव.
बाहेर उणे एकवीस.
मी वरच्या बंकवर, मोजे हीटरवर.

नव्वद हजार डॉलर.
खाली बारीक अक्षरांत: चोवीस महिने.
त्याआधी सोडून गेलात तर सगळे परत,
आणि तेही कर कापण्याआधीचा आकडा.
म्हणजे हातात येणार साठ
आणि फेडायचे नव्वद.
खालच्या बंकवरून ल्युपिता म्हणाली,
"जे ताटात पडलंच नाही त्याचंही बिल."

विसार म्हणतात याला.
रक्कम हातावर ठेवली की
माल दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही.
इथे माल म्हणजे माझे दोन हात,
साडेअठराशे तास,
आणि डावा डोळा, ज्याचा नंबर अजून वाढलेला नाही.

रात्री पिझ्झाच्या खोक्यावर आम्ही हिशेब मांडला,
विमानाचं वजन काढतो तसा:
एवढी माणसं, एवढं सामान, एवढं इंधन,
आणि तोल नेमका कुठे पडतो.
माझ्याकडे उड्डाणशाळेचं कर्ज, एक लाख बारा हजार.
बेमिजीला आईचा गुडघा.
गाडी, जिचं मागचं दार दोरीनं बांधलेलं.
टोबायसकडे मोठ्या कंपनीतली मुलाखत, जूनमध्ये, कदाचित.
"तिथे आधी पोचलेला आयुष्यभर आधीच राहतो," तो म्हणाला.
"एक महिना मागे पडलीस
तर साठाव्या वर्षीही ख्रिसमसला तूच उडशील."
आणि त्यानं 'कदाचित'भोवती पेननं गोल काढला,
पुन्हा काढला,
खोका फाटेपर्यंत.

ऑर्विल टेस्डाल पावाला मोहरी फासत होता.
आमच्यात पिकल्या केसांचा तो एकटाच.
"मी अशी सही केली होती," तो म्हणाला, "एकदा.
मुदत संपायला पाच महिने होते
आणि एका मंगळवारी कंपनीच संपली.
मी बांधलेला होतो. ती नव्हती."
मग सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.
सल्ला काही दिला नाही.

पहाटे त्याच्याच शेजारी बसून मिनॉटची फ्लाइट.
पंखांवर आधी नारिंगी फवारा, गरम, वाफाळता,
मग हिरवा, मधासारखा घट्ट.
या हिरव्यालाही मुदत असते.
तक्ता बघून मी म्हणाले, पंचवीस मिनिटं.
रांगेत आमच्या पुढे सात विमानं.
तेविसाव्या मिनिटाला बर्फ दाट झाला.
ऑर्विलनं खिडकीतून पंखाकडे पाहिलं,
घड्याळाकडे नाही,
आणि म्हणाला, "परत."

मागे बेचाळीस माणसं एकदम सुस्कारली.
कुणाची तरी पुढची फ्लाइट चुकणार होती,
कुणाचं तरी लग्न.
आम्ही वळलो.
कुणी आमच्याकडे काही परत मागितलं नाही.
पुन्हा नारिंगी, पुन्हा हिरवा, पुन्हा पंचवीस.
मला वाटलं, पत्रात अशी एक ओळ असती,
की बर्फ वाढला तर वळता येईल,
तर मी कालच सही केली असती,
साठावरही.

मिनॉटच्या कॉफीच्या मशिनजवळून आईला फोन केला.
तिच्या मागे कुणीतरी फावड्यानं अंगण खरडत होतं.
"नव्वद," मी म्हणाले.
"पैसे नाही विचारले मी.
किती ख्रिसमस?"
"दोन."
फावडं तेवढा वेळ खरडत राहिलं.
"मग गुडघा पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली,
"घाईनं सही करू नकोस माझ्या गुडघ्यासाठी."

परतीच्या लोडशीटवर सही करायला
ऑर्विलनं पेन पुढे केलं.
मी सगळे आकडे पुन्हा मोजले,
नेहमी मोजते त्याहून एकदा जास्त.
बॅगेत पत्राची घडी होती,
उत्तर शुक्रवारपर्यंत.